आधी भेटा, मग सॅम्पल गोळा करा

मशीनचं मी नंतर सांगते. आमच्या कॉमन फॅसिलिटीत, म्हणजे सगळ्या लॅबसाठी मिळून मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) ठेवलेल्या ठिकाणी, मेटाबोलाइट, म्हणजे पेशीत सतत बनणारे-मोडणारे छोटे रेणू, बघायला जे येतात ना, त्यातले बरेच जण फार उशिरा येतात, म्हणजे सगळा प्रयोग उरकून, थर्माकोलच्या डब्यात ट्यूबा भरून, आणि म्हणतात मॅडम एवढं जरा रन करून द्या.

आता बघा, डीएनए फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो, त्याला काही होत नाही. मेटाबोलाइटचं तसं नाही. एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, पेशीत काही सेकंदांत वापरला जातो आणि परत बनतो, मग तुम्ही पाच मिनिटं सेंट्रीफ्यूज फिरवत बसलात तर त्या पेशी काय गप्प बसतात होय? म्हणून आधी सगळं जागच्या जागी थांबवायचं, लिक्विड नायट्रोजनने किंवा उणे 80 ला गार केलेल्या मिथेनॉलने. रक्ताचंही तेच, ट्यूब तशीच टेबलावर राहिली की लाल पेशी ग्लुकोज खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के, आणि लॅक्टेट वाढत जातं. मग कंट्रोलचं रक्त सकाळी लगेच गार केलेलं आणि पेशंटचं ओपीडीतून दुपारी आलेलं असेल, तर दिसणारा फरक आजाराचा की जेवणाच्या सुट्टीचा? ते आमचं मशीन कुठून सांगणार.

दुसरं म्हणजे मीठ. पेशी धुवायला सगळे पीबीएस, म्हणजे फॉस्फेटवालं मिठाचं पाणी, घेतात, हात त्याच बाटलीकडे जातो, पण त्यातलं सोडियम आणि फॉस्फेट मशीनच्या आयन सोर्समध्ये (जिथे रेणूंना विद्युतभार मिळतो तिथे) शिरून तुमचाच सिग्नल दाबतं, वर सोर्स घाण होतो, मग तो उघडा, साफ करा, आणि तोवर रांगेतला दुसऱ्या लॅबचा पोरगा माझ्यावर चिडलेला. डिटर्जंट तर आणूच नका. त्यातून पॉलिइथिलीन ग्लायकॉल आलं की 44-44 डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) अंतराने पीकची अख्खी शिडी उभी राहते, त्यात तुमचा रेणू शोधून दाखवा!

आमच्या बाजूने आम्ही काय करतो, तर सगळ्या सॅम्पलमधलं थोडं थोडं घेऊन एक मिश्रण बनवतो आणि ते दर पाच-दहा इंजेक्शननंतर परत लावतो, कारण लांबलचक रनमध्ये मशीन हळूहळू सरकतं, आणि त्याच त्या मिश्रणाचे आकडे बदलायला लागले की कळतं. क्रमही चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरवायचा, आधी सगळे कंट्रोल मग सगळे पेशंट असं अजिबात नको.

आणि निकालाच्या यादीत नाव आलं म्हणजे रेणू सापडला असं समजू नका. ल्युसिन आणि आयसोल्युसिन, दोघांचं वजन 131.09, नुसत्या वजनावर कसे ओळखणार? शुद्ध स्टँडर्ड त्याच पद्धतीने चालवून कॉलममधून (रेणू वेगळे करणारी नळी) बाहेर यायची वेळ जुळली आणि मशीनमध्ये रेणू फोडल्यावर होणारे तुकडेही जुळले, तरच छातीठोक लिहा. एनएमआरला (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखायची दुसरी पद्धत) इतकं कमी प्रमाण दिसत नाही, पण तिथे सॅम्पल नष्ट होत नाही, म्हणून पुरेसं असेल तर आधी तिकडे जा.

छोट्या कॉलेजातल्यांनो, तुमच्याकडे मशीन नाही म्हणून अडू नका. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या सरकारी संस्थांची उपकरणं दिसतात, बुकिंगही तिथूनच, आयआयटी मुंबईतही मास स्पेक फॅसिलिटी आहे. फक्त फोन प्रयोगाच्या आधी करा, आणि सोबत दोन रिकाम्या ट्यूबा पाठवा, त्याच पाकिटातल्या आणि तेच सॉल्व्हंट भरलेल्या, प्लास्टिकमधून काय उतरतंय ते आम्हाला वेगळं बघायचं असतं.