व्होजचे तीन घाट, सायकलच्या वेगाने

[पडद्यावर: पहाटेचं धुकं, फरची उंच झाडं, ओला डांबरी रस्ता. चेनचा आवाज.]

हा आवाज नीट ऐका. चेन फिरतेय, टायरखाली ओला पाला दबतोय, बाकी काही नाही. आपण फ्रान्सच्या पूर्वेला आहोत, व्होज नावाच्या डोंगररांगेत, आणि हा झाडांमधून वर चाललेला रस्ता म्हणजे डी ४६५, जो बलों दाल्सासच्या माथ्याकडे जातो. फ्रान्समधला सायकलचा घाट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर आल्प्स येतो, पिरेनीज येतो, उघडे खडक आणि बाजूला साचलेला बर्फ. व्होज तसा नाहीये. इथले डोंगर फार जुने, झिजून झिजून माथे गोल झालेले, अशा माथ्यांना इथे 'बलों' म्हणतात, आणि सगळ्यात उंच बलों १४२४ मीटरचा. म्हणजे जवळजवळ सगळी चढण झाडीतच. उन्हाळ्यात भर दुपारीसुद्धा तुम्ही सावलीत पेडल मारताय, याची किंमत ज्याने उघड्या घाटात सायकल चढवलीये त्यालाच कळेल.

[पडद्यावर: पिवळ्या टोपीचा मैलाचा दगड, वळण, पुढे पुन्हा वळण.]

सां मोरिस सुर मोझेल या गावातून चढ सुरू होतो. मोझेल नदी इथे अजून ओढ्याएवढीच आहे, शेजारच्या ब्युसांगपाशी ती उगम पावते. गावातून खिंडीपर्यंत साधारण ९ किलोमीटर आणि चढ सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास. आता गंमत बघा, हा चढ कुठेही एकदम अंगावर येत नाही, पहिल्या वळणाला जो गिअर लावला तोच बराच वेळ चालतो. कारण हा रस्ता १८ व्या शतकातला, घोडागाड्यांसाठी काढलेला. भरलेली गाडी ओढणारा घोडा दमणार नाही, एवढाच चढ ठेवायचा, मग वळणं कितीही घ्यावी लागोत. इथे फिरताना मला एक सवयच लागली, रस्त्याचा चढ बघायचा आणि तो कोणासाठी बांधलाय ते ओळखायचं. या फिल्ममधले तिन्ही रस्ते तिघांनी तीन वेगळ्या कामांसाठी काढले, सायकलसाठी एकही नाही, आणि तरी आज त्यांच्यावर सगळ्यात जास्त शोभते ती सायकलच, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

[पडद्यावर: सायकलस्वार मागून, पाठीवर घाम. मग माथ्यावरचं गवत आणि दगडी स्मारक.]

११ जुलै १९०५. टूर द फ्रान्सचं तिसरंच वर्ष, टप्पा नान्सी ते बेझांसों, २९९ किलोमीटर, आणि मध्ये हा घाट. टूरमधला पहिला मोठा डोंगर म्हणून आज याचंच नाव घेतात. स्पर्धेचा सर्वेसर्वा आंरी देग्रांज, त्याला स्वतःलाच वाटत होतं की इथे सायकलवर बसून कोणी वर पोचणार नाही. त्यावेळची सायकल डोळ्यासमोर आणा, लोखंडी, जड, आणि डिरेलर, म्हणजे चालता चालता गिअर बदलणारं यंत्र, नाही (टूरमध्ये त्याला परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये). मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रं, चढ आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, घट्ट करायचं आणि पुन्हा निघायचं, तेही खडी-मातीच्या रस्त्यावर. तर अशा सायकलवर रने पोतिए नावाचा पोरगा पाय खाली न टेकता वर आला आणि सगळ्यांच्या आधी आला. टप्पा काही तो जिंकला नाही, तो ओकुतुरिएने जिंकला, आणि पोतिएला तर दुखापतीमुळे पुढच्याच टप्प्यात स्पर्धा सोडावी लागली. पण पुढच्या वर्षी तो परत आला, हाच घाट पुन्हा सगळ्यांच्या आधी चढला, टप्प्यातलं दोनशेवर किलोमीटर अंतर एकट्याने कापलं आणि १९०६ ची टूरच जिंकून गेला.

जानेवारी १९०७ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय २७.

[पडद्यावर: स्मारकावरचं नाव. हात नावावरून फिरतो. निवेदन नाही.]

पोतिएचं हे स्मारक देग्रांजने उभारलं. याच माथ्यावर घोड्यावर बसलेल्या जोन ऑफ आर्कचा पुतळा आहे, १९०९ चा. तेव्हा पलीकडचा अल्सास प्रांत जर्मनीत होता, १८७१ च्या युद्धानंतर सरहद्द या डोंगराच्या धारेवरून गेलेली. धारेने चालत गेलं की ते सरहद्दीचे दगड अजून सापडतात, एका बाजूला फ्रान्सचा एफ, दुसऱ्या बाजूला डॉइचलँडचा, म्हणजे जर्मनीचा, डी.

[पडद्यावर: राखाडी, गुळगुळीत खोडांचं जंगल. कोवळा हिरवा उजेड.]

आता दुसरा रस्ता. ला प्लांश दे बेल फिय. टूर बघणाऱ्यांना हे नाव पाठ असणार, २०१२ मध्ये टूर पहिल्यांदा इथे आली आणि फ्रूम जिंकला, २०२० मध्ये शेवटच्या आदल्या दिवशी टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत, पोगाचारने याच चढावर पिवळी जर्सी, एकूण स्पर्धेत पहिला असलेल्याची, खेचून घेतली, आणि २०२२ च्या महिलांच्या टूरचा शेवटही इथेच झाला, वर सगळ्यात आधी पोचली आनेमीक फान फ्लोटन. हा रस्ता स्कीच्या मैदानाकडे गाड्या नेण्यासाठीचा, त्यामुळे घोड्याची दयामाया इथे नाही. ५.९ किलोमीटर, सरासरी ८.५ टक्के, आणि त्याच्याही वर खडीचा एक तुकडा जिथे चढ २४ टक्क्यांपर्यंत जातो. तिथे उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक खडीत घसरतं आणि बसून मारलं की पुढचं चाक उचलतं. आमच्या कॅमेऱ्यात जे दिसतंय ते स्लो मोशन नाहीये, खरंच तेवढाच वेग होता.

[पडद्यावर: जमिनीवरची काटेरी टरफलं, क्लोजअप.]

पण मला थांबायचंय ते नावापाशी. बेल फिय म्हणजे सुंदर मुली. गोष्ट अशी सांगतात की सतराव्या शतकात युरोपात झालेल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'त स्वीडिश भाडोत्री सैनिक आले, त्यांच्या हाती लागण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणून गावातल्या मुलींनी वरच्या तळ्यात उड्या घेतल्या. गोष्ट काळजाला हात घालते, पण नाव त्यातून आलेलं नाही. मूळ शब्द 'बेल फाई', आणि 'फाई' म्हणजे बीचच्या झाडांचं रान, आपल्या राई, वनराईसारखं. बोलता बोलता फाईचं फिय झालं, झाडांच्या मुली झाल्या! आणि ती झाडं आजही आहेत, हे बघा, ही राखाडी गुळगुळीत खोडं, हात फिरवला तर थंड लागतात. आणि हे तळहातावर घेतलंय ते बीचचं फळ, चार पाकळ्यांसारखं उघडणारं काटेरी टरफल, आत तिधारी दोन बिया. वळणांवर याचा सडा पडलेला असतो, सायकल वरून गेली की करकर वाजतं. मोटारीच्या काच लावलेल्या खिडकीतून हे ऐकूच येणार नाही. मग तीच मोटार त्या डोंगराचं नाव कशावरून पडलं हे कसं विचारणार?

[पडद्यावर: ड्रोन. मोकळं गवत, धारेच्या कडेने जाणारा रस्ता, गाईंच्या घंटा.]

तिसरा रस्ता, रूत दे क्रेत, म्हणजे धारेवरचा रस्ता. कोल द्यु बोनोम या खिंडीपासून खाली सेर्ने गावापर्यंत जवळजवळ ८० किलोमीटर. नीट बघा, नाव धारेवरचा असलं तरी बऱ्याच ठिकाणी तो धारेवर नाही, थोडा खाली आहे, पश्चिमेच्या अंगाला. कारण तो पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने काढला. आघाडीवर तोफगोळे आणि धान्य पोचवायचं, पण पूर्वेला बसलेल्या जर्मन तोफखान्याला ताफा दिसता कामा नये, म्हणून डोंगर मध्ये घेऊन, झाडीच्या आडून रस्ता नेला. लढाईसाठी लपवलेला रस्ता आज वाऱ्यापासून आपल्याला लपवतो. आणि जिथे तो धारेवर चढतो तिथे वारा असा येतो की दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरावं लागतं, आमचं ड्रोन दोनदा खाली उतरवावं लागलं.

श्लुख्तची खिंड ११३९ मीटर, तिथून ओनेक शिखराच्या पायथ्याशी, मग मार्कश्टाइन, मग ग्रां बलों. मध्ये ही जी मोकळी कुरणं दिसतायत त्यांना 'शोम' म्हणतात, गुराख्यांनी शेकडो वर्षांपूर्वी जंगल तोडून काढलेली. पाठीवर पांढरा पट्टा असलेली काळी गाय ही इथलीच, व्होजची. तिच्या दुधाचं मुन्स्टर चीज डोंगरावरच्या शेतघरात मिळतं, वास उग्र, चव मात्र लोण्यासारखी, आणि सोबत रानातल्या ब्लूबेरीचा टार्ट, खाऊन झालं की जीभ जांभळी. ६० किलोमीटर चालवून आल्यावर हे ताट पुढे आलं ना, की बोलायचं काही उरत नाही.

[पडद्यावर: तपकिरी पडलेली झाडं, कापलेल्या ओंडक्यांच्या थप्प्या.]

ही तपकिरी झाडं स्प्रूसची. २०१८ पासूनच्या दुष्काळात झाडं कमजोर झाली आणि सालीतल्या किड्याने हजारोंनी मारली. आणि हो, रविवारी याच रस्त्यावर मोटरसायकलींचा आवाज दरी भरून राहतो.

[पडद्यावर: खंदक, शेवाळलेले दगड, क्रूसांच्या रांगा.]

ग्रां बलोंवरून उतरलं की हार्टमान्सविलरकॉफ लागतं, फ्रेंच त्याला व्हिएय आर्मां म्हणतात. ९५६ मीटरचा हा माथा १९१५ मध्ये पुन्हा पुन्हा घेतला गेला आणि पुन्हा पुन्हा गमावला गेला. इथल्या स्मारकाखालच्या तळघरात अनोळखी सैनिकांच्या अस्थी आहेत, सुमारे १२ हजारांच्या. २०१७ पासून इथे फ्रान्स आणि जर्मनीने मिळून उभं केलेलं संग्रहालय आहे. तोफांनी तेव्हा इथलं एक झाड उभं ठेवलं नव्हतं. आज जी झाडी दिसतेय ती सगळी नंतरची, खंदकांच्या आतून उगवून आलेली.

इथून सेर्नेपर्यंत नुसता उतार आहे. पेडल मारायची गरज नाही, फक्त वळणाआधी ब्रेक.

[पडद्यावर: सायकलस्वार झाडीत दिसेनासा होतो. फ्रीव्हीलची टिकटिक, मग तीही नाही.]