मागे नाव कुणाचे?

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद आणि बंधुभगिनींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'परदेशातील सण आणि आपली नवी पिढी' असा छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयाला हात घालण्याची माझी तयारी नाही, कारण चवथीपासून, म्हणजे गणेश चतुर्थीपासून, आमच्या धाकटीचे एक वाक्य डोक्यातून जात नाही, आणि आज मी त्याच्याभोवतीच घुटमळणार आहे.

यंदा बऱ्याच वर्षांनी आम्ही चवथीला गोव्यातल्या माशेलच्या घरी गेलो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी मातीची मूर्ती येते. आमच्याकडे कागदावरचा गणपती पुजतात. तिसरीतली आमची धाकटी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, उभी राहून त्या चित्राकडे पाहत राहिली आणि तिने विचारले, "बाबा, हा गणपती शाळेत केला का? मागे नाव कुणाचे आहे?" सगळे घर हसले, मीही हसलो. ८४ वर्षांचे काका मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "होय गो बाय, शाळेतच केला. शाळा मोठी होती आणि मास्तर फार कडक होते."

ते मास्तर कोण, हे या सभागृहात सांगायला नको. १५६० साली गोव्यात बसलेले इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, १८१२ साली कायमचे उठले. दरम्यान आमचा देव देवकीकृष्ण चोडणहून मयेंला आणि तिथून माशेलला आला, आणि त्याच्या मागोमाग आमची माणसे आली. मूर्ती लपवणे कठीण, कागदाची मात्र घडी घालता येते, म्हणून हा कागद, असे आमच्या घरात सांगत आले आहेत. कागद जीर्ण झाला की नवे चित्र काढतात. मागे कुणाचेही नाव नसते.

धाकटीचे फारसे चुकले नव्हते. इथे अमेरिकेत प्राथमिक शाळेत वर्षाचे ऋतू कागदावरून ओळखले जातात. सप्टेंबरात सफरचंद, ऑक्टोबरात कागदी ताटलीचा भोपळा, नोव्हेंबरात पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, की अंगठ्याचे डोके आणि चार बोटांची पिसे होऊन टर्की उभी राहते. डिसेंबरात कात्रीने कापलेले हिमकण खिडक्यांवर चिकटतात. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनची कार्डे, आणि तीही वर्गातील प्रत्येक मुलासाठी, कुणालाही न वगळता. गेल्या वर्षी अशी २२ कार्डे रात्री अकरा वाजता मीच लिहीत बसलो होतो, आणि दोन मुलांच्या नावांची स्पेलिंगे चुकवून ठेवली होती. हिमकणांच्या वेळी तर मी माझे अभियांत्रिकीचे ज्ञान पाजळले. कागद नुसता दुमडत गेले की आठ हातांचा हिमकण निघतो आणि निसर्गातला सहा हातांचा असतो, असे मी ऐटीत सांगितले आणि तिच्यासमोर एक कापून दाखवला. उलगडला तर त्याला आठच हात होते. ती म्हणाली, "बाईंनी आम्हाला कागदाचे तीन सारखे भाग करायला शिकवलेय. बाबा, तुझाच चुकला."

या हस्तव्यवसायाला हसण्याचा माझा हेतू नाही. कात्री धरणे, डिंक बेताने लावणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे मुले त्यातच शिकतात. शिवाय प्रत्येक वस्तूच्या मागे मुलाचे नाव असते आणि ती वस्तू वाकडी झाली तरी त्याचीच राहते. बाई ती सरळ करून देत नाहीत.

आता आपली बाजू पाहू. न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांना दिवाळीची सुटी देणारा कायदा २०२३ साली झाला, तेव्हा आपण एकमेकांना अभिनंदनाचे इतके निरोप पाठवले की जणू नरकासुर आपणच मारला होता. यंदा आमच्या धाकटीच्या बाईंनी मला दिवाळीविषयी सांगण्यासाठी वर्गात बोलावले. मी संगणकावर चित्रे तयार केली आणि पणत्यांचे तयार संच मागवले, त्यात टिकल्यासुद्धा आधीच कापलेल्या होत्या. वीस मिनिटांत वर्गभर पणत्या झाल्या. वर्गात विस्तव चालत नाही, म्हणून ज्योत पिवळ्या कागदाची होती, आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. नंतर एका मुलाने धाकटीला विचारले, "तुम्ही घरी ही पणती कुठे लावता?" ती म्हणाली, "आम्ही लावत नाही, कपाटावर ठेवतो."

त्या रात्री आमच्या घरी भांडण झाले. माझे म्हणणे होते की तिने वर्गात आपली शोभा केली. पत्नीचे म्हणणे होते की तिने खरे सांगितले, कारण आमच्या पणत्या बॅटरीवर चालतात आणि अभ्यंगस्नान शनिवारी सोयीने होते. गेल्या वर्षी कारीट न मिळाल्यामुळे मी लोणच्याची छोटी काकडी अंगठ्याखाली फोडली होती, तिचा डाग गालिच्यावर अजून आहे, हेही तिने त्या प्रसंगी आठवणीने सांगितले.

माझ्या लहानपणी माशेलच्या मराठी शाळेत हस्तव्यवसायाचा तास होता, पण सणाची खरी तयारी शाळेबाहेर चालत असे. बांबूच्या कामट्या सोलताना बोट कापायचे, पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा, आणि आकाशकंदील एका बाजूला कलला तरी तो तसाच टांगायचा. नरकासुराच्या पुतळ्यासाठी सुके गवत आणि जुनी वर्तमानपत्रे मागत आम्ही घरोघर हिंडायचो. चवथीच्या आदल्या दिवशी काकांबरोबर डोंगरावर जाऊन कांगणीची फळे आणि कवंडळे आणायची, आणि कुठले फळ कुठल्या झुडपावर मिळते हे त्यांना विचारायचे. माटोळीची गाठ मारण्याचा मान मात्र मला कधीच मिळाला नाही, कारण माझी गाठ सुटायची. ती आजही सुटते. यंदा काकांनी नारळाची पेड, म्हणजे घोस, माझ्या हातातून काढूनच घेतली.

आता थोडे रागावतो, आणि त्यात मी स्वतःही आलो. आपल्या मंडळाच्या माटोळीत गेली कित्येक वर्षे तीच प्लास्टिकची फळे लटकतात. उत्सव संपला की ती खोक्यात जातात आणि खोके कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जाते. मुलांच्या आकाशकंदील स्पर्धेत गेल्या वर्षी पहिला आलेला कंदील मोटरवर फिरत होता. सात वर्षांच्या मुलाने ती मोटर जोडली, हे परीक्षकांनी मान्य केले, आणि परीक्षकांत मी होतो. दारावरचे तोरण आपण मागवतो, रांगोळीचे ठसे आणतो, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, गोठवलेल्या मिळतात त्या तळतो. मग सभेत उभे राहून म्हणतो की इथल्या शाळेने आपला सण एका कागदावर आणून ठेवला. शाळेने निदान तो कागद मुलांच्या हातात दिला. आपण मुलांना पारंपरिक कपडे घालून फोटोसाठी रांगेत उभे करतो आणि कात्री स्वतःकडे ठेवतो, कारण कार्यक्रम साडेसहाला सुरू व्हायचा असतो आणि वाकडे झालेले आपल्याला चालत नाही.

काकांच्या कागदाकडे मी पुन्हा वळतो, कारण त्यांच्या घरीही गणपती कागदाचाच आहे. पण त्या कागदाला दरवर्षी डोंगर चढावा लागतो, गाठ मारणारा लागतो, आणि २१ प्रकारची पत्री ओळखणारे कुणीतरी लागते. पत्रीतली पाने मला आठापुढे ओळखता येत नाहीत. यंदा मी मोजून पाहिली.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. घरात आता ते एकटेच आहेत; चुलतभावांपैकी एक बंगळूरला, दुसरा मस्कतला. पुढच्या वर्षी चवथ कुणी करायची, हे त्यांनी सरळ विचारले. मी अडखळलो, तेव्हा ते म्हणाले, "कागद पाकिटात मावेल रे. पाठवतो. पण माटोळी कशाला बांधशील आणि तिला घालशील काय?"

फोन स्पीकरवर होता. टेबलावर धाकटी टर्की रंगवत होती. तिने मान वर न करता विचारले, "बाबा, तो कागद आपल्याकडे आला की मागे नाव कुणाचे लिहायचे?" पलीकडून काकाही गप्प होते, माझ्या उत्तराची वाट पाहत. मी तिला जेवायला बस म्हटले.