नाव घेतलं की काम उचलायचं

(दृश्य : लातूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. लायन्स क्लबचं छोटं सभागृह. सतरंज्या अंथरणं चालू आहे.)

निवेदन :

आज १३ जानेवारी. संक्रांतीचा आदला दिवस, म्हणजे भोगी. घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सोलाणे, गाजर, वांगी, वालाच्या शेंगा घातलेली भाजी. सभेला येताना दोघीतिघींनी डबे भरून आणलेत. आधी सभा, मग जेवण.

लायन्स क्लबची उभारणी करणारे मेल्विन जोन्स १८७९ साली याच तारखेला जन्मले. शिकागोत विम्याचा धंदा करणाऱ्या या माणसानं १९१७ साली आपल्या व्यापारी मंडळातल्या मित्रांना धंद्यापलीकडे बघायला लावलं. भारतात पहिला क्लब निघाला १९५६ साली. या गावच्या क्लबनं संस्थापकाचा जन्मदिवस निवडला तो आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेण्यासाठी.

(दृश्य : पिवळी जाकिटं घातलेले सदस्य. टेबलावर पितळी घंटा आणि लाकडी हातोडी.)

अध्यक्ष घंटेवर हातोडी मारतात. सचिव वही उघडतात. एक नाव, ते क्लबमध्ये आले ते साल आणि त्यांच्याकडे असलेलं एक काम. एवढंच वाचायचं. फोटो नाहीत, हार नाहीत, भाषणं नाहीत. नाव वाचून झालं की घंटेचा एक टोला, आणि सचिवांचा प्रश्न : "यांचं काम कुणाकडं?"

मग कुणीतरी उभं राहतं. "माझ्याकडं."

आम्ही अनेक शोकसभा पाहिल्या आहेत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात आणि पांगतात. इथे हा प्रश्न विचारतात, म्हणून ही सभा आम्हाला चित्रित करावीशी वाटली.

(दृश्य : एका जुन्या वहीची पानं, अगदी जवळून.)

ही वही एका गुरुजींची. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाडी-तांड्यावर फिरून मोतीबिंदूचे रुग्ण शोधायचे, हे त्यांचं काम. १९२५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधांसाठी उभं राहण्याची हाक दिली. तेव्हापासून डोळ्यांचं काम हे या क्लबांचं घरचं कार्य झालं. पण शिबिर भरवणं सोपं, माणूस खाटेवरून उठवणं अवघड. "मोतीबिंदू पिकू द्या की गुर्जी. औंदा तूर निघू द्या, मग बघू." हे उत्तर ठरलेलं. आता शस्त्रक्रियेसाठी मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही, उलट फार उशीर केला तर गुंतागुंत वाढते. गुरुजी हे बांधावर बसून सांगायचे आणि तुरीची रास झाली की पुन्हा जायचे.

वहीत प्रत्येक ओळीला गाव, नाव आणि 'डावा' किंवा 'उजवा'. समासात काही ठिकाणी लाल शाईनं लिहिलंय : 'सोबत कोणी नाही'. अशा म्हाताऱ्यांबरोबर गुरुजी स्वतः दवाखान्यात मुक्कामाला राहत. आज ही वही एका तरुण कृषी केंद्रवाल्याकडे आहे. लाल शाईचा पेनही त्यानं तसाच चालू ठेवलाय.

(दृश्य : औषधांच्या दुकानाचं शटर. बंद काउंटरवर जुना फोन.)

पुढचं नाव मेडिकलवाल्या अण्णांचं. नेत्रदानाचा निरोप आला की नेत्रपेढीला कळवायचं आणि त्या घरी जाऊन थांबायचं. घरात रडारड चाललेली असते. त्यात जाऊन सांगायचं की पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. लोक विचारत, चष्मा होता, चालेल का? चालतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती? तरी चालतं. चेहरा विद्रूप होईल का? होत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा दुसऱ्याला बसवतात, आणि एका माणसामुळे दोघांना दिसू शकतं.

अण्णा गेले ते पहाटे. गावाला पाठ असलेला फोन नंबर त्यांचाच. त्या पहाटे तो कुणी उचलायचा? काकूंनी पंखा बंद केला, कापूस भिजवला, आणि मुलाला म्हणाल्या, "आधी पेढीला फोन लाव, पाहुण्यांना मागनं." इतकी वर्षं घरात हेच ऐकत आलेल्या बाईला कुणी काही सांगावं लागलं नाही.

आता तो नंबर काकूंकडेच आहे. सभेत त्याच उभ्या राहिल्या.

(दृश्य : सचिवांच्या वहीतली सगळ्यांत जुनी पानं.)

सुरुवातीच्या काही नावांपुढे एकच काम लिहिलंय : 'ट्रकवाल्यांची यादी'. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. भूकंप झाला आणि किल्लारी-सास्तूर भागातली दगडमातीची माळवदाची घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. इथल्या सदस्यांनी भाकरी आणि चादरी गोळा केल्या. पण न्यायच्या कशात? रात्री-बेरात्री गाडी देणारे कोण, हे तेव्हा लिहून काढलं, आणि ती यादी दरवर्षी नवी केली जाते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरसाठी हीच यादी बाहेर काढली. आज ती एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या मोबाइलमध्ये आहे, आणि सभेत तो गेल्या वर्षभरात बदललेले नंबर वाचून दाखवतो.

(दृश्य : डबे उघडले जात आहेत. सचिव अजून बसलेले.)

जेवणाआधी एक विषय उरतो. येत्या रविवारचं शिबिर. रुग्णानं आधारकार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणायची. शुगर, बीपी इथेच तपासतील. लाल शाईतली नावं वाचून दाखवली जातात. एका आजीबरोबर काकू जाणार आहेत, एका आजोबांबरोबर कृषी केंद्रवाला. दोघांना अजून सोबत मिळायची आहे. सचिव वही उघडीच ठेवतात.