तंबाखूच्या गावाला चला: चित्ता दि कास्तेल्लो

नमस्कार मंडळी,

भारतातून इटलीत आपल्याकडे पाहुणे आले की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून आपलीच दमछाक होते. मी आज ज्या गावाबद्दल बोलणार आहे, तिथे पाहुण्यांना नेलंत तर ते पहिल्या अर्ध्या तासात विचारतील, "इथे आहे काय?" तंबाखू आहे! मी निपाणीकडचा, मला तेवढं पुरलं.

उंब्रिया प्रांताच्या उत्तर टोकाला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात चित्ता दि कास्तेल्लो वसलंय. दोन्ही अंगांना अपेनाइनचे डोंगर, मध्ये सपाट गाळपेर. रोमन लेखक धाकट्या प्लिनीची वाडी इथूनच जवळ होती. त्याने पत्रात लिहून ठेवलंय की रान इतकं चिवट, नांगरताना एवढाली ढेकळं निघतात की नवव्या नांगरटीला कुठे ते वठणीवर येतं. धान्य हिवाळ्यात आणि वसंतात नावांतून रोमला जायचं, उन्हाळ्यात नदी आटायची. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा जमीनदार आपल्या पारावर सहज खपला असता.

तंबाखू इथे आला 1574च्या सुमारास. शेजारच्या सानसेपोल्क्रोच्या बिशप तोर्नाबुओनींना पॅरिसहून बी मिळालं. पण पीक फोफावलं ते कोस्पाइया नावाच्या चिमुकल्या खेड्यात, आणि त्याची कथा भन्नाट आहे. 1440च्या सुमारास पोपने सानसेपोल्क्रो फ्लॉरेन्सला दिलं. हद्द ठरली एका ओढ्यावर. ओढे निघाले दोन! दोन्ही बाजूंनी आपापल्याकडचा ओढा धरला आणि मधलं कोस्पाइया कोणाचंच राहिलं नाही. ना राजा, ना कर, ना जकात. 1826पर्यंत हे स्वतंत्र संस्थान बिनबोभाट तंबाखू पिकवत आणि विकत होतं. शेवटी गाव पोपच्या राज्यात घेतलं, तेव्हासुद्धा वर्षाला 5 लाख रोपं लावायची मुभा ठेवावी लागली. आम्हा निपाणीकरांना 1981 साली तंबाखूच्या दरासाठी महामार्गावर बसावं लागलं होतं, म्हणून मला या लोकांचा जरा हेवाच वाटतो.

आजही खोऱ्यात केंटकी जातीचा तंबाखू होतो. शेंडा खुडणं, फुटवे काढणं अगदी आपल्यासारखंच. फरक वाळवण्यात. आपला बिडीचा तंबाखू उन्हात वाळतो. इथे पानं काठ्यांना टांगून खाली लाकडं धुमसत ठेवतात आणि धुराने पान तपकिरी, चिकट, वासाला कडक होतं. तोस्कानो सिगार याच पानाचे.

विसाव्या शतकात बांधलेल्या वाळवणीच्या प्रचंड वखारी गावाबाहेर आहेत. 1966च्या पुरात फ्लॉरेन्सची भिजलेली पुस्तकं इथे आणून ठेवली होती. पुढे पीक कमी झालं आणि वखारी ओस पडल्या. मग गावचाच चित्रकार आल्बेर्तो बुर्री याने त्या बाहेरून काळ्या रंगवल्या आणि आत आपली अजस्र चित्रं लावली. 1990पासून ते संग्रहालय आहे. बुर्री मूळचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात टेक्सासमध्ये युद्धकैदी असताना त्याने चित्रं काढायला सुरुवात केली आणि पुढे गोणपाट फाडून, शिवून त्याची चित्रं केली. तंबाखूच्या वखारीत गोणपाट! मला चित्रकलेतलं फार कळत नाही, पण तिथून पाय निघाला नाही.

गावातली बाकीची ठिकाणं अर्ध्या दिवसात होतात. कॅथेड्रलचा गोल मनोरा बघा. राफाएलने 1504 साली इथल्या सान फ्रान्चेस्को चर्चसाठी काढलेलं मरियमच्या लग्नाचं चित्र नेपोलियनच्या सेनापतीने नेलं. मिलानकरांनी ते तिथल्या ब्रेरा संग्रहालयात पाहिलं असेल.

डोंगरउतारावरची माँतेस्का हवेली मात्र चुकवू नका. फ्रँकेत्ती दांपत्याने तिथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. 1909 साली मारिया माँटेसरीने आपल्या शिक्षणपद्धतीचा शिक्षकांसाठीचा पहिला वर्ग घेतला तो तिथेच, आणि तिचं पुस्तकही त्याच वर्षी याच गावात छापलं गेलं. ताराबाई मोडकांनी ती पद्धत बोर्डी-कोसबाडला आपल्या मुलांच्या अंगाबेताची करून घेतली.

आणि आता आपल्या माणसाबद्दल. याच वरच्या खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकटेच शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. सोबतची तुकडी गोळीबारात पडली होती. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग त्यांनाच गोळ्या लागल्या. वय अवघं 22, गाव माणगाव तालुक्यातलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दक्षिणेकडच्या माँतोने गावाने 2023 साली त्यांच्या नावाने छायाघड्याळाचं स्मारक उभारलं.

आपल्या मंडळाची सहल तिकडे न्यावी असं मी सुचवलंय. कार्यकारिणीतल्या खवय्यांना नोव्हेंबर हवाय, पांढऱ्या ट्रफलच्या जत्रेसाठी. माझं मत जुलैला. ऊन लागेल, पण रानात तंबाखू उभा असतो, आणि माँतोनेला जायचं तर त्याच दिवसांत जावं.