रबाळ्याच्या शेडमधले मिग-२१

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत वळले, की एका पत्र्याच्या शेडमध्ये संग्रहालयात ठेवण्यासाठी दुरुस्त होत असलेले मिग-२१ हे जुने लढाऊ विमान दिसते. त्याचे पंख भिंतीशी टेकवून ठेवले आहेत आणि मागचे अर्धे धड सुटे करून लाकडी घोडीवर चढवले आहे. ही मोडतोड नव्हे. इंजिन बाहेर काढता यावे म्हणून या विमानाचा मागचा भाग मुळातच सुटा होईल असा बनवलेला असतो.

हे विमान एफएल प्रकारचे आहे. कसारा घाटापलीकडे, नाशिकजवळच्या ओझरला अशी विमाने जुळवली गेली, १९७१ च्या युद्धात ती लढली आणि डिसेंबर २०१३ मध्ये हा प्रकार हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झाला.

सर्वांत सावकाश चालते ते रंगाचे काम. चाकाच्या कप्प्याजवळच्या एका पॅनेलवर ओला पॉलिश पेपर फिरवताना आधी राखाडी रंग निघाला, त्याखाली हिरवा थर लागला आणि शेवटी लखलखीत ॲल्युमिनियमचा पत्रा उघडा पडला. ही विमाने सुरुवातीला बिनरंगी, चंदेरीच उडत असत. त्यांच्यावर हिरवा रंग चढला तो युद्धाच्या वेळी. तळहाताएवढा हा तुकडा तसाच ठेवायचे ठरले आहे आणि ते योग्यच झाले, कारण सगळे विमान एकसारखे गुळगुळीत रंगवले, तर ज्यांनी वर्षानुवर्षे त्याची निगा राखली त्यांच्या हातांच्या खुणाही त्या रंगाखाली जातील.

रंगापेक्षा मोठी काळजी गंजाची आहे. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे एकमेकांना चिकटतात, तिथे खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते. आणि ठाण्याची खाडी तर इथून हाकेच्या अंतरावर आहे.

"काका, वरून तर सगळं ठीक दिसतंय," आयटीआय करून आलेला मुलगा म्हणतो.

"वरून नको बघूस, बाळा. बोल्टच्या डोक्याखाली बघ," हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ काका त्याला पाना देतात. बोल्ट सैल होताच पिठासारखी पांढरी भुकटी त्याच्या बोटांवर उतरते. ती जागा खरवडून, प्राइमर लावून, दोन धातूंमध्ये सीलंटचा पातळ थर देऊनच बोल्ट परत बसतो. असे शेकडो बोल्ट आहेत, आणि प्रत्येक उघडून पाहिला जाणार आहे.

वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील स्फोटके विमान ताब्यात येण्यापूर्वीच काढली गेली. अंधारात चमकणाऱ्या काट्यांच्या जुन्या तबकड्यांमध्ये रेडियम असू शकते, म्हणून त्या कोणी उघडत नाही.

संग्रहालयाच्या अंगणात हे विमान उघड्यावर उभे राहील. हवा ओढणाऱ्या तोंडात कबुतरांनी घरटे करू नये म्हणून तिथे जाळी बसली आहे. आज पोटाकडची निचऱ्याची छिद्रे साफ होत आहेत. मुलगा तारेने साचलेली माती काढतो, वरून बादलीभर पाणी सोडतो, आणि प्रत्येक छिद्रातून धार मोकळी पडेपर्यंत काका खाली वाकून पाहत राहतात.