आधी कुठं दुखलं?

पत्रिकेवर विषय छापलाय ‘अपेंडिक्स आणि वय’. तिथं येतोच. पण समोर इतक्या आशाताई आणि अंगणवाडीताई बसल्या आहेत, तर एरंडेलाचं आधी बोलू द्या.

आपल्याकडं पोट दुखलं की घरातलं निदान ठरलेलं: बेंबी सरकली. मग चोळणं, शेकणं आणि वरून एरंडेल. या चुकीला कारण आहे, ते समजून घ्या. अपेंडिक्सचं दुखणं खरोखरच बेंबीभोवती सुरू होतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी ही करंगळीएवढी नळी, एका टोकाला बंद. मळाच्या खड्यानं किंवा सुजेनं तिचं तोंड बुजलं की आत दाब वाढतो. तिच्या नसा कण्यात बेंबीच्या पातळीवर पोचतात, म्हणून कळ बेंबीशी वाटते. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की, बहुधा बारा ते चोवीस तासांत, दुखणं उजवीकडं खाली उतरतं. कमरेच्या पुढच्या हाडापासून बेंबीपर्यंत रेघ ओढा. हाडाकडून एक तृतीयांशावरची ती जागा. अमेरिकन सर्जन मॅकबर्नी यांनी ती १८८९ साली सांगितली. अशा तुंबलेल्या पोटात एरंडेलानं आतडी जोरात आकसली तर नळी फुटायचा धोका वाढतो. शिवाय ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणत रात्र जाते ती वेगळीच.

म्हणून ‘कुठं दुखतंय’ एवढंच विचारून थांबू नका. ‘आधी कुठं दुखलं? दुखणं आधी की उलटी आधी?’ गॅस्ट्रोत बहुधा उलटी-जुलाब आधी. इथं बहुधा दुखणं आधी, मग भूक मरते, मग उलटी. ताप उशिरा, तोही बारीक. जीप खड्ड्यात आदळल्यावर रुग्ण उजवी बाजू धरतो का, हेही बघून डॉक्टरांना सांगा. आणि दुखणं अचानक थांबलं तर गाडी परत पाठवू नका. नळी फुटली की दाब उतरतो, काही तास बरं वाटतं, नंतर अख्खं पोट फळीसारखं कडक होतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर वय.

हा आजार सर्वांत जास्त १० ते ३० वयात. पाच वर्षांखाली कमी, पण कळेपर्यंत निम्म्याहून जास्त पोरांत फुटलेला असतो. पोर नीट सांगू शकत नाही, जुलाबही होतात, आणि सूज गुंडाळून धरणारी पोटातली चरबीची झालर अजून तोकडी असते. पाय पोटाशी घेऊन पडलेलं, उजव्या पायावर उडी मारायला नको म्हणणारं पोर उसाच्या फडावर असलं तरी त्याच दिवशी हलवा. खाडा पडला तरी चालेल.

वयात आलेल्या मुली-बायकांत पाळीची तारीख आणि लघवीची गरोदरपणाची तपासणी हवीच. गर्भनलिकेत अडकलेला गर्भ आणि अंडाशयाचा पीळही तिथंच दुखतात.

साठीपुढं सगळंच मोघम. ताप नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कधीकधी वाढत नाहीत, ‘वात धरलाय’ म्हणून दोन दिवस जातात. सोनोग्राफीत सहा मिलिमीटरपेक्षा जाड, दाबून न दबणारी नळी दिसली तर निदान सोपं. म्हाताऱ्या माणसात मात्र सीटी स्कॅन बरा, कारण मागं आतड्याचा कर्करोगही असू शकतो. न फुटलेल्या साध्या आजारात अँटिबायोटिकवर भागतं, पण काहींचा उलटतो. ते सर्जननं ठरवायचं.

गाडीत बसवताना तोंडानं काही देऊ नका. रुग्णासोबतच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: दुखणं कधी आणि कुठं सुरू झालं, कोणती गोळी दिली, शेवटचा घास-पाणी कधी.