ओट्याचा ग्रॅनाइट घरच्या उजेडात बघा, मग हो म्हणा

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील यात काय बोलायचं, दुकानात जायचं, दगड आवडला की घ्यायचा. मीपण असंच म्हणायचो. किचनच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट घ्यायला गेलो, दुकानदाराने हातात चार इंचाचा चौकोनी तुकडा ठेवला, मस्त गरम तपकिरी रंग, बारीक सोनेरी ठिपके, म्हटलं हाच. ओटा बसला, रात्री लाइट लावला, आणि तो तपकिरी दगड चक्क हिरवट दिसायला लागला! तीन दिवस मी मिस्त्रीला बोल लावत होतो की दगड बदलला म्हणून. दगड तोच होता हो. दुकानात पिवळे दिवे होते आणि माझ्याकडे पांढरा ट्यूबलाइट, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट, उजेड. दिव्याच्या खोक्यावर एक आकडा असतो बघा, केल्विनमध्ये. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उजेड, 4000 च्या आसपास मधला, 6500 म्हणजे निळसर पांढरा. पिवळ्या उजेडात लाल-तपकिरी दगड खुलतो आणि करडा मळकट वाटू शकतो, पांढऱ्यात बरोबर उलटं. त्यामुळे सॅम्पलचा तुकडा घरी आणायचाच, आणि आणला की उभा धरून नाही बघायचा, ओट्याच्या उंचीवर आडवा ठेवून बघायचा, कारण शेवटी तो आडवाच राहणार आहे आणि आडव्या दगडावर उजेड वेगळा पडतो. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवा लावून बघा. दोन दिवस गेले तर जाऊ द्या.

आता रंग कशाशी जुळवायचा. सगळे शटरशी, म्हणजे ओट्याखालच्या कपाटांच्या दारांशी जुळवतात. माझं म्हणणं आधी फरशीशी जुळवा, कारण लॅमिनेटचे शटर दहा-बारा वर्षांनी बदलतील, भिंतीचा रंग तर त्याच्याही आधी, पण फरशी आणि ओटा दोघं एकमेकांचं तोंड बघत तिथेच राहणार. फरशी पिवळट क्रीम असेल तर निळसर करडा ग्रॅनाइट तिच्याशेजारी उपरा वाटतो, आणि हे का खटकतंय ते पुढे कुणाला सांगतासुद्धा येत नाही.

आणि नक्षी. एका किचनमध्ये बोलणारा एकच असावा. शटरला लाकडाच्या रेषा, भिंतीला डिझाइनच्या टाइल्स आणि वर ओट्यालाही नदीसारख्या वाहत्या रेघा असं झालं की डोळ्याला बसायला जागाच राहत नाही. रेघांचा दगड घ्यायचाय ना, खुशाल घ्या, सुंदरच दिसतो, पण मग शटर आणि टाइल्स गप्प ठेवा. उलट बारीक दाण्याचा दगड कुठेही सामावून जातो, आणि त्यावर कण सांडले तरी लगेच दिसत नाहीत, हा फायदा मी बिनधास्त सांगतो.

हे दाणे येतात कुठून, तर ग्रॅनाइट म्हणजे जमिनीच्या पोटात खोलवर शिलारस अगदी सावकाश थंड होऊन झालेला दगड, सावकाश थंड झाला म्हणून दाणे नुसत्या डोळ्याला दिसण्याएवढे वाढले. करडं, काचेसारखं दिसतं ते क्वार्ट्झ, पांढरं किंवा गुलाबी ते फेल्डस्पार, काळं चमचमतं ते अभ्रक. आणि गंमत म्हणजे बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बऱ्याचदा भूगर्भशास्त्राच्या हिशोबाने ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. त्याने काही बिघडत नाही, उलट हे दगड घट्ट असतात. बिघडतं कधी, तर साध्या करड्या दगडाला काळा रंग चढवून विकला जातो तेव्हा. पांढऱ्या फडक्यावर थोडं ॲसिटोन घ्या आणि दगडावर घासा, फडकं काळं झालं तर नमस्कार करून बाहेर पडा.

फिनिशबद्दल थोडं. चकचकीत पॉलिशमध्ये रंग खोल दिसतो, पण काळ्या पॉलिशवर वरच्या कपाटाखालच्या एलईडी पट्टीचा एकेक ठिपका आरशासारखा उमटतो, बोटांचे ठसे ते वेगळेच. ज्याला लेदर फिनिश म्हणतात त्यात हात फिरवला की किंचित उंचसखल लागतं, चमक मंद असते, ठसे लपतात. मॅट किंवा होन केलेला, म्हणजे गुळगुळीत पण चमक न आणलेला दगड त्याच दगडाच्या पॉलिशपेक्षा फिका दिसतो, तेव्हा पॉलिशचा तुकडा बघून होनची ऑर्डर देऊ नका.

फिका दगड घेणार असाल तर पाण्याचा एक मोठा थेंब त्यावर ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं गप्पा मारा. खाली ओलसर काळा डाग उमटला तर दगड पाणी पितोय, म्हणजे तेलही पिणार, त्याला सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं द्रव, लावावाच लागेल आणि अधूनमधून परत लावावा लागेल. घट्ट काळ्या दगडांना बहुतेकदा एवढं लागत नाही.

सॅम्पल पसंत पडलं तरी काम संपलं नाही, कारण चार इंचात दगडाचा स्वभाव कळत नाही, विशेषतः रेघांच्या. दगडाची पूर्ण स्लॅब, म्हणजे न कापलेली मोठी लादी, उभी असेल तिथे जा, तीच स्लॅब ठरवा, फोटो काढा, दोन स्लॅब लागणार असतील तर एकाच लॉटच्या घ्या. जॉइंट कुठे येणार ते खडूने स्लॅबवर आखून घ्या आणि तो सिंकच्या कापलेल्या भागावर येऊ देऊ नका, तिथे आधीच दगडाची पट्टी अरुंद उरते. जॉइंटच नको असं काहीजण म्हणतात, पण हिशोब करा, 20 मिलिमीटर जाडीचा दगड चौरस मीटरला साधारण 54 किलो भरतो, म्हणजे दहा फूट लांब, दोन फूट रुंद सलग तुकडा शंभर किलोच्या आसपास! तो जिन्याच्या वळणातून वर यायला हवा ना.

आणि हो, सिंकसाठी जो चौकोन कापून निघतो तो मागून घ्या, दगड तुमचाच आहे. माझा गॅलरीत आहे, नवा साबण, नवा सीलर, काहीही आणलं की आधी त्याच्यावर थोडं लावून रात्रभर ठेवतो आणि सकाळी उजेडात बघतो.